खाडा

पहाटे ५.००

तळावरची माणसं एव्हाना फडात पोचलीही असतील. मी चहाचं आधण ठेवून आजची ड्यू लिस्ट उतरवते. गावातली चौदा बाळं पेनाने, ओढ्यापलीकडच्या ऊसतोड टोळीतली सहा पेन्सिलीने. कारखान्याने टोळी दुसऱ्या गटात हलवली की ती सहा नावं खोडावी लागतात. दिवाळी झाली की ही माणसं बीडकडून आमच्या कृष्णाकाठी येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पेंटा लसीचे तीन डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे. ते नेमके या येण्याजाण्यात सांडतात.

सकाळी ८.१५

प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हॅक्सिन कॅरिअर भरायला उभी आहे. डीप फ्रीजरमधून काढलेले चार आइसपॅक टेबलावर घाम गाळत पडलेत. एकेक उचलून कानाशी हलवते. आत पाण्याचा डुचमळ आवाज आला तरच तो कॅरिअरमध्ये. नवीन मुलींना वाटतं, जितका दगडी बर्फ तितकी लस सुरक्षित. उलट आहे. पेंटा, डीपीटी गोठली की कामातून गेली. मग बाटली हलवून ठेवली की तळाशी चुरा बसतो. उन्हाने बिघडलेली लस बाटलीवरच्या चौकोनाचा रंग गडद करून चुगली करते, गोठलेली मात्र गप्प राहते.

सकाळी ९.३०

अंगणवाडीतलं सत्र. आशाताईंनी घरोघरी हाका मारल्यात, त्यामुळे साडेनऊलाच गर्दी. एक आजी सुनेचा हात धरून बसलीय. “गेल्या खेपेला पोर रातभर रडलं. आता पुन्हा टोचायचं का?”

पेंटा म्हणजे एका सुईत पाच रोगांवरची लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. अंग तापवतो तो मुख्यतः डांग्या खोकल्याचा वाटा, कारण त्यात अख्खे मेलेले जंतू असतात. खासगीत ‘न दुखणारी’ म्हणून महागडी लस मिळते. तिच्यात जंतूचे निवडक तुकडेच असतात. ताप कमी येतो, पण संरक्षणही लवकर ओसरतं. हे सगळं आजीला सांगत नाही. तिने स्वतः लहानपणी डांग्या खोकला पाहिलाय का, एवढंच विचारते. तिचा हात सुनेच्या मनगटावरून सुटतो. “धाकटा भाऊ. काळानिळा व्हायचा. गाढविणीचं दूध पाजलं आईनं.” भावाचं पुढं काय झालं ते ती बोलत नाही, मीही विचारत नाही.

तेरा बाळं झाली. चौदावं मामाच्या गावी.

दुपारी १.३०

गोवर-रुबेलाची बाटली विरघळवून चार तास होत आले, उरलेले डोस आता वापरायचे नाहीत. पेंटाची उघडी बाटली मात्र थंडाव्यात, नियमाने राहिली तर २८ दिवस चालते. भाकरी खाते. रजिस्टर, मग लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदीचं यू-विन. नेट नाही.

दुपारी ४.००

पुन्हा केंद्रात. आइसपॅक बदलून घेतले. संध्याकाळच्या सत्राची परवानगी डॉक्टरांनी दिलीय. गेल्या महिन्यात मी शहाणपणाने तळावर सकाळी अकराचं सत्र लावलं होतं. सहा कोप्या, दोन म्हातारी कुत्री आणि पाळण्याला झोके देणारी सात वर्षांची एक मुलगी. आया सगळ्या फडात. ‘लाभार्थी अनुपस्थित’ असं लिहून आले. त्या वाक्याची अजून लाज वाटते. अनुपस्थित मी होते, त्यांच्या वेळेला.

संध्याकाळी ६.१०

दिवस मावळलाय. बायका वाढ्याच्या पेंड्या डोक्यावर घेऊन येतात, आल्याआल्या चुली पेटवतात. पाचटाच्या कोप्यांत उजेड नाही म्हणून ट्रॅक्टरच्या दिव्यासमोर घोंगडं अंथरलं. आशाताई बॅटरी धरून.

पहिलीच आई मान हलवते. “ताप येतो ओ बाई. उद्या कुनी सांभाळायचं? खाडा पडंल.”

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा दिवस मोडला की खाडा लागतो, आणि तो आगाऊ घेतलेल्या उचलीच्या हिशेबात चढतो. आमच्या पोस्टरवर लिहितात तसा तिच्या मनात कुठलाही ‘गैरसमज’ नाही. तिचा हिशेब बरोबर आहे. म्हणून मी आजचा दिवस धरलाय: उद्या आठवडी बाजार, टोळी अर्धाच दिवस तोडणार. मुकादमाला कालच गाठलं होतं. “दादा, ताप फार तर दोन दिवस. डांग्या खोकला लागला तर दोन-तीन महिने पोर घेऊन दवाखाने करतील. मग कोयता कसा चालेल?” तो पान थुंकून म्हणाला, “परवा सकाळच्याला बाळंतिणी येऊ नका म्हणावं. दुपारी मोळ्या भराया या.” एवढं मिळालं, पुष्कळ झालं.

तिचं बाळ पाच महिन्यांचं. कार्ड गावी, सासूच्या ट्रंकेत. यू-विनवर ज्या मोबाइलने नोंद केली तो नंबर बंद. मग मी नेहमीचा प्रश्न विचारते, “पहिल्यांदा किती सुया टोचल्या?”

“तीन. दोन्ही मांड्यांना, अन् दंडाला एक.”

“दुसऱ्या खेपेला?”

“एकच. डाव्या मांडीला.”

हिशेब लागला. दीड महिन्याला डाव्या मांडीत पेंटा, उजवीत न्यूमोकोकल, दंडावर पोलिओची बारीकशी सुई. अडीच महिन्याला फक्त पेंटाची. म्हणजे दोन झाले, आता तिसरा. उशीर झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं नसतं, जिथं राहिलं तिथून पुढं. आईच्या आठवणीइतकं चांगलं रजिस्टर मला अजून मिळालेलं नाही. तिच्या गावच्या सिस्टरला फोन लावून खात्री करते. जुळलं.

बाळाला आणलं ते थोरल्या भावाने, कडेवर. सहा वर्षांचा. त्याची पाच वर्षांची डीपीटी राहिलीय. मोठ्या पोराला डांग्या खोकला झाला तर नुसता लांबलेला खोकला वाटतो, आणि लहानग्याला तो त्याच्याकडूनच लागतो. अगदी तान्ह्या बाळाला खोकल्याची उबळही येत नाही कधी कधी, श्वासच थांबतो. भावाच्या डाव्या दंडात सुई गेली. तो रडला नाही. बाळ मात्र इतकं किंचाळलं की शेजारचा बैल उठून उभा राहिला.

संध्याकाळी ७.२०

शेवटच्या बाळानंतर अर्धा तास थांबायचं. घोंगड्यावर बसते, चहा येतो. प्रशिक्षणात ऐकलेली एक गोष्ट अशा वेळी आठवते. १९३२ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी, आधी शाळामास्तरणी, प्रयोगशाळेतली नोकरी आटोपल्यावर संध्याकाळी रॉकेलच्या दिव्यात घरोघरी जायच्या आणि खोकणाऱ्या पोरांच्या तोंडासमोर काचेची बशी धरून जंतू गोळा करायच्या. डांग्या खोकल्यावरची खरीखुरी उपयोगी लस त्यातून आली. मंदीचा काळ होता, घरातले बाप बेकार होते. दिवेलागणीला कुणाच्या उंबऱ्याशी जाणं हे या लसीच्या रक्तातच असावं.

सहापैकी पाच झाली. सहावी काल रात्री कर्नाटकातल्या टोळीत गेली. पेन्सिलीचं नाव खोडत नाही, समोर मोबाइल नंबर लिहिते.

रात्री ९.४०

कॅरिअर केंद्रात जमा करून घरी. भात लावलाय तोच फोन.

“बाई, पाय लाल झालाय. अंगबी गरम हाय.”

“औषध पाजलं?”

“पाजलं.”

“दूध पितंय?”

“पितंय की. आत्ता मुतलंबी.”

“मग निजू दे. पायाला काही चोळू नका. पहाटे उठाल तेव्हा मला परत लावा.”

“पहाटं? तुमी जाग्या असता व्हय चार वाजता?”

मी गजर चारचा लावते.