वर्गणीचा गडगा

गेल्या उन्हाळ्यात भाट्यातल्या माझ्या वाडीत माडांवर पांढरी माशी आली. झावळीच्या खालच्या अंगाला पांढरी वलयं दिसू लागली आणि खालच्या पानांवर काजळी धरली. नातवानं घेऊन दिलेल्या मोबाइलवर मी शोधाशोध केली, तेव्हा दक्षिणेकडच्या एका वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर लेख सापडला. केरळातले माडवाले या माशीला कसे तोंड देताहेत, याचा तो वृत्तान्त होता. वाचता वाचता तिसरा परिच्छेद संपला आणि पडदा अंधुक झाला. वर अक्षरं उमटली, 'पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा.'

माझी पुतणी पुण्यात एका बातम्यांच्या संकेतस्थळासाठी काम करते. तिला लगेच फोन लावला. म्हटलं, "अगं, हे कुलूप कसं काढायचं? तुला काहीतरी युक्ती ठाऊक असेल."

ती हसली. म्हणाली, "अप्पा, तुम्ही मासिकाच्या वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरायचात ना? तेव्हा कोणी विचारलं असतं, की पैसे न भरता अंक कसा मिळवायचा, तर काय सांगितलं असतंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या कुलपाला 'पेवॉल' म्हणतात, हे तिनंच सांगितलं. पेवॉल म्हणजे पैशाची भिंत. आम्हा कोकणातल्या माणसांना भिंतीपेक्षा गडगा जवळचा. जांभा दगड रचून वाडीभोवती गडगा घालतात आणि आत शिरायला एक बेडं ठेवतात. त्या दिवसापासून मी या पेवॉलला वर्गणीचा गडगा म्हणतो. तो का घालावा लागला, त्यातून पैसा कसा उभा राहतो आणि तो घालताना बेडं कुठे ठेवावं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. वाचकानं पैसे द्यायचे, ही कल्पना नवी नाही. आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर. ते १८४० मध्ये बंद पडलं. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी आगरकर आदी सहकाऱ्यांबरोबर १८८१ मध्ये पुण्यात 'केसरी' काढला. पालगडच्या साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' सुरू केलं आणि ते आजही निघतं. या सगळ्यांच्या पाठीशी वर्गणीदार होते. वर्गणी म्हणजे नुसती किंमत नव्हे. पुढचे बारा महिने तुम्ही लिहीत राहा, आम्ही वाचत राहू, असा तो दोघांमधला शब्द असतो.

मात्र दैनिकांचा संसार नुसत्या वर्गणीवर कधीच चालला नाही. आपण देतो ते पैसे कागद, छपाई, मोटारी आणि विक्रेत्याचं कमिशन यांतच संपतात. वार्ताहराचा पगार निघतो तो मुख्यतः जाहिरातींतून. दिवाळी अंकांचंही तेच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा जाहिरातींच्या टेकूवरच उभी आहे.

मग इंटरनेट आलं. १९९० च्या दशकात जगभरच्या वर्तमानपत्रांनी आपला मजकूर तिथे फुकट ठेवला. हिशेब सोपा वाटत होता. कागद नको, शाई नको, पहाटेची गाडी नको. लाखो लोक वाचतील, जाहिराती मिळतील आणि त्यातून खर्च भागेल.

तो हिशेब चुकला. छापील पानाला मर्यादा असते. पहिल्या पानाचा कोपरा एकच, म्हणून त्याला भाव. इंटरनेटवर पानांना अंत नाही. जागा अमाप झाली, की भाव पडतो. आंब्याच्या हंगामात सगळ्यांचा माल एकदम बाजारात उतरला की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. त्यात जाहिरातदाराला वाचकापर्यंत पोहोचवण्याचं काम गूगल आणि फेसबुक यांनी हाती घेतलं आणि पैशाचा मोठा वाटा तिकडे वळला. बातमी एकानं मिळवायची आणि जाहिरात दुसऱ्यानं न्यायची, अशी स्थिती झाली.

म्हणून गडगा घालावा लागला. अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं १९९७ मध्येच संकेतस्थळासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. व्यापाऱ्याला ती माहिती धंद्यासाठी लागत होती, त्यामुळे तो देत होता. सर्वसाधारण बातम्यांसाठी लोक पैसे देतील का, हा खरा प्रश्न होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं २००५ मध्ये आपल्या नामवंत स्तंभलेखकांचे लेख कुलपात ठेवून पाहिले. दोन वर्षांत, २००७ मध्ये, ते कुलूप काढून टाकलं. मार्च २०११ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, पण या वेळी पद्धत बदलली. महिन्याला वीस लेख फुकट आणि एकविसाव्याला वर्गणी. ही पद्धत टिकली. २०२३ मध्ये छापील आणि डिजिटल मिळून त्यांचे वर्गणीदार एक कोटीच्या वर गेले.

या दुसऱ्या पद्धतीत काय वेगळं होतं, ते पाहण्यासारखं आहे. गडग्याचे प्रकार साधारण चार. पहिला पूर्ण बंद. पैसे दिल्याशिवाय आत पाऊल नाही. लंडनच्या 'टाइम्स'नं २०१० मध्ये असा गडगा घातला. दुसरा मोजणीचा. ठरावीक लेख फुकट, मग वर्गणी. तुम्ही किती लेख वाचलेत याची नोंद तुमच्याच यंत्रावर एका छोट्या खुणेनं ठेवली जाते. ती खूण पुसता येते, म्हणून आता बरेच जण आधी नाव नोंदवायला लावतात. तिसरा मिश्र. रोजच्या बातम्या मोकळ्या आणि खास मेहनतीचे लेख वर्गणीदारांना. चौथ्यात गडगाच नाही, नुसती दानपेटी. लंडनचा 'गार्डियन' सगळं मोकळं ठेवतो आणि वाचकाला ऐच्छिक मदत मागतो.

मोजणीच्या गडग्यात खुबी अशी, की येता-जाता डोकावणाऱ्याला तो आडवत नाही. त्यामुळे नवे वाचक येत राहतात आणि जाहिरातीही थोड्याफार चालतात. रोज येणारा मात्र गडग्याशी पोहोचतो. ज्याला सवय लागली आहे, नेमकं त्यालाच विचारलं जातं, 'आता वर्गणी देता का?'

पैशाचं गणित एका काल्पनिक उदाहरणानं मांडतो. समजा, एका संकेतस्थळाला महिन्याला एक लाख वाचक आहेत. प्रत्येक जण दहा पानं पाहतो, म्हणजे दहा लाख पानं झाली. हजार पानांना जाहिरातीचे पन्नास रुपये धरले, तर महिन्याला पन्नास हजार मिळाले. एवढ्यात दोन वार्ताहरांचे पगारसुद्धा धड भागत नाहीत. आता गडगा घातला. समजा निम्मी वर्दळ गेली. जाहिरातीचे पंचवीस हजार उरले. पण शंभरातले फक्त दोन जण वर्गणीदार झाले आणि महिना शंभर रुपये देऊ लागले, तर दोन हजार वर्गणीदारांचे दोन लाख झाले. एकूण सव्वादोन लाख. शंभरातले अठ्ठ्याण्णव एक पैसा देत नाहीत, तरीही मिळकत साडेचारपट होते.

कागदावर हे सोपं दिसतं. पण मी वर्गणी गोळा केलेली आहे, त्यामुळे पुढची गोम मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी वर्गणी मिळवणं अवघड नसतं, ती दुसऱ्या वर्षी टिकवणं अवघड. पाहुणे आले, भीड पडली, सवलत मिळाली की माणूस पावती फाडतो. वर्षानं तो विचार करतो, की बारा अंकांतले आपण वाचले किती? इंटरनेटवर तर दर महिन्याला हा विचार होतो आणि वर्गणी थांबवायला घराबाहेरही पडावं लागत नाही.

याचा परिणाम लिखाणावर होतो. जाहिरातीवर जगणाऱ्या संकेतस्थळाला तुम्ही एकदा बोट लावलंत की पुरे. मग 'हे वाचून तुम्हाला धक्का बसेल' अशी शीर्षकं येतात आणि आत पाहावं तर काहीच नाही. धक्का बसो न बसो, जाहिरात दिसलेली असते. वर्गणीवर जगणाऱ्याला ही चैन परवडत नाही. फसलेला वाचक पुढच्या महिन्यात परत येत नाही. शिवाय जमा किती होणार याचा अंदाज असल्यामुळे एखाद्या विषयामागे वार्ताहराला महिनाभर ठेवता येतं. आपल्याकडे २०१२ मध्ये सुरू झालेलं 'न्यूजलाँड्री' आणि २०१६ मध्ये बंगळुरात सुरू झालेलं 'द केन' यांनी वाचकांच्या पैशावर भर दिला. 'द हिंदू' आणि 'इंडियन एक्स्प्रेस' यांनीही काही मजकूर वर्गणीदारांसाठी राखला आहे. मराठीत मात्र रोजच्या बातम्या अजून बहुतेक ठिकाणी फुकटच वाचायला मिळतात.

आता दुसरी बाजू. गडगा घातला की काही माणसं बाहेर राहतात. ज्याच्याकडे महिन्याला शंभर रुपये नाहीत, त्यानं काय करायचं? व्हॉट्सअॅपवरची अफवा फुकट आणि पडताळलेली बातमी विकत, असं झालं तर अफवाच जास्त फिरणार. ही भीती खोटी नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत अनेक मोठ्या वर्तमानपत्रांनी साथीच्या बातम्यांपुरता गडगा उघडला, तो याचसाठी.

यावर एक उपाय आपल्या पूर्वजांनी करून ठेवला आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, म्हणजे 'दर्पण'पेक्षाही जुनं. वाचनालय अंकाचे पैसे भरतं आणि तो अंक शंभर जण वाचतात. प्रकाशकाला वर्गणी मिळते आणि वाचकाची अडचण होत नाही. गडग्याला ठेवलेलं ते बेडंच म्हणायचं. गावोगावच्या वाचनालयांना संकेतस्थळांची सामुदायिक वर्गणी परवडेल अशा दरात मिळाली आणि तिथल्या संगणकावर कोणालाही वाचता आलं, तर बरीच अडचण सुटेल. संकटकाळातली माहिती सर्वांना मोकळी असावी आणि बाकीच्याला गडगा असावा, एवढं तारतम्य प्रकाशकानंही ठेवायला हवं.

माझ्या माडांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आमच्या गावात १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. तिथे झावळीचा तुकडा घेऊन गेलो. त्यांनी माशी ओळखली, सल्ला दिला आणि एक पैसा घेतला नाही. घरी येऊन पुतणीला ऐटीत सांगितलं, "बघ, ज्ञान फुकट मिळालं."

ती म्हणाली, "फुकट कसं? त्यांचा पगार सरकार देतं, तुमच्या-आमच्या करातून. वार्ताहराला सरकारनं पगार दिलेला चालेल का तुम्हाला?"

चालणार नाही. सरकारनं द्यायचा नाही, जाहिरातदाराचा भरवसा नाही, मग उरतो तो वाचक. बातमीचे पैसे कोणीतरी देतोच आणि जो देतो त्याच्याकडे तोंड करून ती लिहिली जाते.

शेवटी एक कबुली देतो. सायकलवरून भाट्याचा पूल ओलांडून मी बावीस वर्षं रत्नागिरीत त्या मासिकाची वर्गणी गोळा केली. वर्गणीदार कमी होत गेले आणि एक दिवस मासिक बंद पडलं. लोकांना वाचनाची गोडी उरली नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. पुतणीशी बोलणं झाल्यावर माळ्यावरची जुनी वही काढली. शेवटच्या सहा वर्षांच्या याद्या पाहिल्या. वाचणारे होते. शेजाऱ्याचा अंक आणून वाचत होते, माझ्याच घरून नेऊन वाचत होते. आणि त्या सहाही वर्षांत माझं स्वतःचं नाव यादीत नव्हतं. प्रतिनिधी म्हणून मला अंक फुकट येत असे.

त्या संध्याकाळी पुतणीला पुन्हा फोन केला आणि वर्गणी कशी भरायची ते विचारून घेतलं. केरळातल्या माडवाल्यांचा लेख शेवटपर्यंत वाचला. तुम्हीही रोज जे वाचता आणि जे बंद पडलं तर तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल, असं काही एक निवडा आणि त्याची वर्गणी भरा. सगळ्यांची भरायला मी सांगत नाही. एकाची भरा, एवढीच विनंती.