मुंबईला प्रदर्शनाला चाललात? आधी प्रवासाचं आणि जेवणाचं गणित मांडा

मागच्या व्हिडिओत आपण प्रदर्शनात स्टॉलवाल्याशी काय बोलायचं, कोणते प्रश्न विचारायचे ते बघितलं. आज त्याच्या आधीचा विषय घेऊ. स्टॉलपर्यंत पोहोचायचं कसं, दिवसभर खायचं काय आणि संध्याकाळी कुठे बसायचं?

तुम्ही म्हणाल, दादा, हा काय बिझनेसचा विषय झाला? गुगल मॅप आहे, हॉटेलं आहेत, होईल की काहीतरी. पण माझ्या बॅचमधले बरेच जण गावाकडून मुंबईला मशीन बघायला, पॅकेजिंगवाले शोधायला, डीलरशिपची चौकशी करायला जातात. त्यातले निम्मे परत येतात ते दुखणारे पाय आणि माहितीपत्रकांची पिशवी घेऊन. ज्या एका माणसाशी निवांत बोलायचं होतं, तेवढंच राहून जातं. वेळ कुठे गेला म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ट्रॅफिकमध्ये, तिकिटाच्या रांगेत आणि फूड कोर्टच्या रांगेत.

आधी तुमच्या तासाचा भाव काढा

वही घ्या. मी उदाहरणाचे आकडे देतो, तुम्ही तुमचे घाला.

- दुकान दोन दिवस बंद, रोजचा नफा १,८०० धरला तर ३,६०० रुपये
- गाव ते मुंबई जाऊन-येऊन ९०० रुपये
- एक रात्र लॉज २,००० रुपये
- जेवण, चहा-नाश्ता १,००० रुपये
- मुंबईतला प्रवास ५०० रुपये

झाले ८,००० रुपये. प्रदर्शन साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असतं. म्हणजे दोन दिवसांचे सोळा तास. एका तासाचा भाव पडला ५०० रुपये.

आता समजा, तुम्ही दोन्ही दिवस बाराला पोहोचलात आणि पाचला निघालात. तास उरले दहा. तोच तास ८०० रुपयांना पडला. त्यात दीड तास जेवणाच्या रांगेत आणि जेवणात गेला, तर त्या जेवणाची किंमत बिलावर छापलेली नसते, पण ती तुमच्याच खिशातून जाते.

म्हणून नियम एकच. जिथे पन्नास रुपये जास्त देऊन अर्धा तास वाचतो, तिथे द्या. जिथे पैसेही जास्त जातात आणि वेळही, तिथे अजिबात जाऊ नका. मुंबईत हा दुसरा प्रकार म्हणजे गर्दीच्या वेळी हायवेवरून केलेली लांबची टॅक्सी.

गोरेगावला जायचंय? मग असं जा

मोठी व्यापारी प्रदर्शनं बहुतेक वेळा गोरेगाव पूर्वेला नेस्कोच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये भरतात. जागा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागूनच आहे. म्हणून नवखा माणूस दादरला उतरतो, टॅक्सी करतो आणि हायवेवर अडकतो. तुम्ही रेल्वेनं जा.

*दादरला उतरलात तर:* कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नाशिक, पुणे, कुठूनही या, मध्य रेल्वेच्या बहुतेक गाड्या दादरला थांबतात. पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला या आणि अंधेरीच्या पुढे जाणारी स्लो लोकल धरा. उतरायचं राम मंदिर स्टेशनला. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये हे स्टेशन २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. पूर्वेला बाहेर पडलात की नेस्को चालत जाण्याइतकं जवळ आहे. फास्ट लोकल राम मंदिरला थांबत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. चुकून फास्टमध्ये चढलात तर अंधेरीला उतरून स्लो पकडा.

*सीएसएमटीला उतरलात तर:* हार्बर मार्गावरून थेट गोरेगाव लोकल मिळते. गाड्या कमी असतात, म्हणून वेळ आधी बघून ठेवा. गाडी बदलायची कटकट मात्र नाही.

*ठाण्या-कल्याणकडून येत असाल तर:* घाटकोपरला उतरा आणि मेट्रो १ नं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला या. तिथून पुलानं जोडलेल्या गुंदवली स्टेशनवरून मेट्रो ७ पकडा. मोगरा, जोगेश्वरी पूर्व आणि मग गोरेगाव पूर्व. या दोन मेट्रो वेगवेगळ्या संस्था चालवतात. घाटकोपरला सकाळी मोठी गर्दी असते, तेवढी वीस मिनिटं हातात ठेवा.

आता एक फायद्याची गोष्ट. सकाळी पश्चिम रेल्वेची खरी झुंबड विरार-बोरिवलीकडून चर्चगेटकडे असते आणि संध्याकाळी उलटी. तुम्ही दादरला राहिलात तर सकाळी उत्तरेला जाणार, संध्याकाळी दक्षिणेला येणार. म्हणजे मुख्य लोंढ्याच्या विरुद्ध. अंधेरीपर्यंत गर्दी लागेल, पण बोरिवलीकडून येणाऱ्यासारखी दारात लोंबकळायची वेळ येणार नाही. स्वस्त लॉज मिळालं म्हणून वसई-विरारला राहणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा. रूममध्ये वाचलेले पाचशे रुपये सकाळच्या धक्क्यात वसूल होतात.

बीकेसीला कार्यक्रम असेल तर

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला जायचं असेल तर मेट्रो ३ सोयीची. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते. सीएसएमटीहून बसलात तर बीकेसी स्टेशनला उतरा. दादरहूनही जाता येतं, पण दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनला चिकटून नाही, पश्चिमेला थोडं चालावं लागतं. ही मेट्रो भुयारी आहे. तिकिटाचा क्यूआर आणि प्रदर्शनाचा पास दोन्हीचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, खाली नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

तिकीट, रिक्षा आणि बॅग

- लोकलचं तिकीट मोबाइलवर किंवा स्टेशनवरच्या मशीनवर काढा. साधं तिकीट फर्स्ट क्लासमध्ये चालत नाही, एसी लोकलमध्येही चालत नाही. दंड कमीत कमी २५० रुपये आणि वर भाडं. "माहीत नव्हतं" हे टीसी ऐकून घेत नाही.
- रिक्षा मीटरनंच. २०२५ च्या फेब्रुवारीपासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाहीच, तिथे टॅक्सी किंवा बस.
- बॅग घेऊन हॉलमध्ये फिरू नका. लॉजवर ठेवा, नाहीतर मोठ्या स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून छोटं कुलूप सोबत असू द्या.
- ताईंनो, लोकलमध्ये महिलांचे डबे वेगळे असतात आणि प्लॅटफॉर्मवर त्यांची जागा ठरलेली असते. गाडी यायच्या आधी तिथे उभ्या राहा. ऐनवेळी पळापळ नको.

दुपारचं जेवण: सगळे जेवतात तेव्हा तुम्ही जेवू नका

आजच्या लेखातला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच.

प्रदर्शनात एक ते सव्वादोन या वेळात फूड कोर्टला रांग लागते. रांगेत कोण असतं? तुमच्यासारखे व्हिजिटर. म्हणजे त्याच वेळी स्टॉलवरची गर्दी कमी झालेली असते. सकाळी अकराला ज्या स्टॉलवर चार जण माना वर करून बोलत होते, तिथे दुपारी दीडला मालक किंवा सेल्स मॅनेजर खुर्चीत निवांत बसलेला सापडतो. त्याच्याकडे तुमच्यासाठी वीस मिनिटं असतात.

म्हणून सकाळी साडेआठ-नऊला लॉजजवळच्या उडुप्याकडे पोटभर नाश्ता करा. इडली, उपमा, डोसा, काहीही, पण पोटभर. सोबत डब्यात दशमी-चटणी किंवा धपाटे असू द्या. त्यात लाज कसली? बॅगेत भाजलेले शेंगदाणे आणि पाण्याची बाटली. बाराच्या सुमारास दहा मिनिटं बाजूला बसून खा आणि एक वाजता ठरवलेल्या स्टॉलवर हजर व्हा. नीट जेवण घ्यायचंच असेल तर अडीचनंतर घ्या, तोवर रांग ओसरलेली असते. आतलं खाणं बाहेरच्यापेक्षा महाग असतंच, त्यावर चिडून उपयोग नाही. तुमचा तास त्याहून महाग आहे.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर स्टॉलवाले आवराआवर करायला लागतात. महत्त्वाच्या भेटी त्या संध्याकाळवर ढकलू नका.

संध्याकाळचं जेवण: इथे खरा धंदा होतो

दिवसभरात वीस स्टॉल बघितलेत, त्यातला एक सप्लायर पटला. आता त्याला किंवा त्याच्या माणसाला चहाला, शक्य असेल तर जेवायला बोलवा. दीड-दोन लाखांचं मशीन घेणार असाल तर चारशे-पाचशे रुपयांचं जेवण हा खर्च नाही, ती चौकशी आहे. स्टॉलवर माणूस माहितीपत्रक वाचून दाखवतो. जेवताना तो धंद्याचं बोलतो.

पथ्यं तेवढी पाळा.

१. बोलावलं ज्यानं, बिल त्याचं. तुम्ही बोलावलंत तर तुम्ही द्या, ओढाताण करू नका. त्यानं बोलावलं तर एकदा विचारा, मग मनापासून धन्यवाद द्या.

२. आधी विचारा: "शाकाहारी ना? जैन चालतं का?" पॅकेजिंग आणि मशिनरीच्या धंद्यात गुजराती-मारवाडी मंडळी भरपूर आहेत. शंका असेल तर शुद्ध शाकाहारी जागा निवडा, कुणाचीच अडचण होत नाही.

३. भावाची घासाघीस ताटावर नको. तिथे हे विचारा: सर्व्हिसला माणूस कुठून येतो? किती दिवसांत? सुटे भाग आमच्या जिल्ह्यात मिळतात का? आमच्या भागात तुमचं मशीन कुणाकडे चालू आहे, त्यांचा नंबर द्याल? जो तीन ग्राहकांची नावं सहज देतो, त्याच्याशी पुढे बोला. जो विषय बदलतो, त्याचं माहितीपत्रक रद्दीत टाका.

४. ऑर्डर त्या रात्री देऊ नका. "घरी जाऊन हिशोब करतो, सोमवारी फोन करतो" म्हणा आणि सोमवारी खरंच फोन करा.

बसायचं कुठे?

रात्रीची गाडी दादरहून किंवा सीएसएमटीहून असेल तर दादर-माटुंगा पट्टा उत्तम. दादर पश्चिमेला शिवसेना भवनासमोर आस्वाद आहे. तिथल्या मिसळीचं २०१५ मध्ये लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून कौतुक झालं होतं. दादर स्टेशनजवळच मामा काणे यांचं उपाहारगृह, १९१० पासूनचं. मराठी चव हवी असेल तर या दोन्ही जागा हक्काच्या.

माटुंगा पूर्वेला, मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनजवळ, ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ चं. केळीच्या पानावर पोटभर जेवण मिळतं. जवळच किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास, डोसा-इडलीसाठी प्रसिद्ध. दादरहून मध्य रेल्वेनं एकच स्टेशन. पश्चिम रेल्वेवरचं माटुंगा रोड वेगळं, तिथे उतरू नका. सुट्टीचा वार आणि वेळ आधी फोनवर विचारून घ्या.

पण एक सांगतो. या प्रसिद्ध जागी गर्दी असते आणि जेवण झालं की टेबल रिकामं करावं लागतं. पाहुण्यासोबत तासभर बोलायचं असेल तर साधं एसी सेक्शन असलेलं उडुपी हॉटेल बरं. शांत कोपरा मागा, साडेसातच्या आत बसा.

बिल बघा, बिल ठेवा

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. त्याचं इनपुट क्रेडिट तुम्हाला मिळत नाही, पण धंद्याचा खर्च म्हणून बिल लागतं. म्हणून मागा आणि मागच्या बाजूला कुणासोबत, कशासाठी ते लिहा. "सर्व्हिस चार्ज" वेगळा लावला असेल तर तो ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ती कायम ठेवली. द्यायचा नसेल तर शांतपणे काढायला सांगा, पाहुण्यासमोर वाद घालू नका.

आजचं काम

पुढच्या महिन्यात कुठलंही प्रदर्शन असो, मुंबई, पुणे किंवा तुमच्या जिल्ह्याचं ठिकाण, जाण्याआधी एका पानावर पाच ओळी लिहा:

- माझ्या तासाचा भाव किती?
- कुठे उतरणार, कोणती गाडी, शेवटचा टप्पा कसा?
- दुपारी एक ते दोन कोणत्या स्टॉलवर असणार?
- संध्याकाळी कुणाला चहाला बोलावणार, कुठे?
- त्याला कोणते तीन प्रश्न विचारणार?

पाच ओळी लिहून होत नसतील तर अजून जाऊ नका, तयारी झालेली नाही. लिहून झाल्या तर बिनधास्त दुकानाला दोन दिवस कुलूप लावा. ते आठ हजार खर्चात नाही, भांडवलात गेले असं समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. परत आल्यावर ते माहितीपत्रकांचं गाठोडं कसं निवडायचं आणि सोमवारचा फोन कसा करायचा, ते बघू. तोपर्यंत धंदा करा, हिशोब ठेवा!