दोनच पानांचा नेचा

शास्त्रीय नाव : रेग्नेलिडियम डायफायलम. या प्रजातीत आज एवढी एकच जाती उरली आहे. आपल्या भातखाचरांतल्या मार्सिलियाचा हा जवळचा नातलग. मार्सिलियाला चार पर्णिका, याला दोनच, म्हणून ‘डायफायलम’. ‘रेग्नेलिडियम’मध्ये आहेत स्वीडिश डॉक्टर आंदर्श रेग्नेल. ब्राझीलमध्ये रुग्णसेवा करताना त्यांनी वनस्पती जमवल्या, संशोधनाला पैसाही दिला. १९०४ मध्ये कार्ल लिंडमन यांनी या नेच्याला त्यांचं नाव दिलं, हे फार उचित झालं. देठ तोडला की चीक येतो; नेच्यांमध्ये ही गोष्ट अगदी विरळा. दक्षिण ब्राझील आणि लगतच्या प्रदेशातल्या पाणथळ जागा हेच याचं घर. शेतीसाठी त्या आटवल्या गेल्या आणि रिओ ग्रांदे दो सुल राज्यात तो संकटग्रस्त ठरला.