भाबडेपणाची कारागिरी

मेरिलिन मन्रो (१९२६–१९६२) हिच्या अभिनयाचे मूल्यमापन रखडले ते मुख्यतः एका गैरसमजामुळे: पडद्यावर दिसणारी भाबडी, मादक बाई हाच तिचा स्वभाव असून ती कॅमेऱ्यापुढे केवळ वावरते, असे समीक्षकांनी आणि बऱ्याच अंशी तिच्या स्टुडिओनेही गृहीत धरले होते. हॉलिवूडमध्ये ‘डम ब्लाँड’ म्हणजे सोनेरी केसांची, देखणी पण अक्कल बेताची असलेली तरुणी हा एक ठरीव साचा होता, आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने तिला पुन्हा पुन्हा त्याच साच्यात बसवले.

तिला वेगळे काही जमत नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. ‘डोन्ट बॉदर टू नॉक’ (१९५२) या चित्रपटात तिने हॉटेलात एका लहान मुलीला सांभाळायला आलेली, मनाचा तोल ढळलेली नेल साकारली आहे. खोलीतल्या पाहुणीचे दागिने अंगावर घालताना तिच्या चेहऱ्यावर जी हरवलेली शांतता पसरते, ती पाहताना मादकतेचा विचारही मनात येत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मधली लॉरली ही तर त्या साच्याची थट्टाच होय, आपल्याला गरजेपुरते शहाणे होता येते, पण ते बहुतेक पुरुषांना रुचत नाही, असे ती होणाऱ्या सासऱ्याला शेवटी तोंडावर सांगते.

‘डम ब्लाँड’च्या साचेबंद भूमिकांना कंटाळून ती १९५४च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेली, छायाचित्रकार मिल्टन ग्रीन याच्यासह तिने स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि ली स्ट्रासबर्ग यांच्याकडे ‘मेथड’ पद्धतीचे, म्हणजे पात्राची भावना नटाने स्वतःच्या स्मृतीतून जागी करण्याच्या पद्धतीचे, शिक्षण घेतले. स्टुडिओशी झालेल्या नव्या करारात तिने दिग्दर्शक पसंत करण्याचा हक्कही मिळवला.

या शिक्षणाचे फळ म्हणजे जोशुआ लोगन दिग्दर्शित ‘बस स्टॉप’ (१९५६). त्यातली शेरी ही हॉलिवूडची स्वप्ने पाहणारी, खेडवळ बोलीची आणि सुमार गळ्याची गायिका आहे. मन्रोने तिच्यासाठी विटके, ठिगळे लावलेले कपडे आणि रात्री जागणाऱ्या बाईचा निस्तेज रंग पसंत केला. मद्यालयातल्या गाण्यात शेरी हातवारे करते, स्वर घसरतो, आणि प्रकाशाचा रंग बदलायची वेळ आली की ती स्वतःच पायाने बटण दाबते. श्रोत्यांचे लक्ष नाही, हे तिला कळते, तरीही ती गाणे सोडत नाही. पट्टीच्या कलावंताला बेताच्या कलावंताचे सोंग आणणे फार अवघड असते, कारण थोडे जास्त झाले की विडंबन होते आणि थोडे कमी पडले की नटाचीच कुवत उघडी पडल्यासारखे वाटते. मन्रो या दोहोंमधून नेमकी वाट काढते; प्रेक्षक शेरीला हसतो आणि लगेच त्याला त्या हसण्याची लाज वाटते.

‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) या बिली वाइल्डर यांच्या विनोदी चित्रपटात (‘रफू चक्कर’ हे १९७५ सालचे त्याचे हिंदी रूप) तिने साध्या वाक्यांसाठीही डझनावारी टेक घेतले, ही गोष्ट तिच्या नाकर्तेपणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. सहकलाकारांना झालेला मनस्ताप खरा होता. परंतु पडद्यावर उरतो तो शेवटचा टेक, आणि त्यात तिचे टायमिंग, म्हणजे शब्द व विराम नेमक्या क्षणी टाकण्याचे भान, जरासुद्धा चुकत नाही. टोनी कर्टिसचा लबाड नायक नौकेवर स्त्रीसुखाला आपण पारखे झाल्याचे ढोंग करतो, तेव्हा विनोदाची सारी भिस्त शुगरच्या, म्हणजे मन्रोच्या पात्राच्या, विश्वासावर असते, आणि मन्रो त्या प्रसंगात उपचार करणाऱ्या परिचारिकेइतकी गंभीर राहते. तिने किंचितही डोळा मिचकावला असता तर प्रसंग कोसळला असता.

या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळाला. ‘बस स्टॉप’साठी ऑस्करचे नामांकन झाले ते तिचा सहनायक डॉन मरे याचे, मन्रोला मात्र ते नामांकन तेव्हा मिळाले नाही आणि नंतरही कधी मिळाले नाही.