चाकभार-संतुलन, मोटारगाडीचे

मोटारगाडीच्या सांगाड्याची जमिनीपासूनची उंची आणि तिच्या चारही चाकांवर पडणारा भार यांची स्प्रिंगांच्या बैठका वरखाली करून केलेली परस्परानुरूप जुळणी म्हणजे चाकभार-संतुलन होय. गाडी डावीकडे व उजवीकडे सारख्याच रीतीने वळावी, ब्रेक लावताना ती सरळ रेषेत थांबावी आणि चारही टायरांची पकड पुरेपूर उपयोगात यावी, हे त्याचे उद्देश होत. शर्यतीच्या व क्रीडा-मोटारगाड्यांत स्प्रिंगेची बैठक आटे पाडलेल्या नळीवर बसविलेली असते व नट फिरवून तिची उंची बदलता येते.

तत्त्व : तिवईच्या प्रत्येक पायावर किती भार पडेल, हे केवळ गुरुत्वमध्याच्या स्थानावरून ठरते. चार पायांच्या टेबलाचे तसे नसते. एक पाय किंचित आखूड असल्यास टेबल समोरासमोरच्या दोन पायांवर डुगडुगते व बहुतेक भार त्या कर्णावर येतो. मोटारगाडी हे स्प्रिंगांवर उभे असलेले असेच टेबल होय. पुढच्या दोन व मागच्या दोन चाकांवरील एकूण भार, तसेच डाव्या व उजव्या बाजूंचे एकूण भार गुरुत्वमध्याने ठरतात. स्प्रिंगांच्या जुळणीने ते जवळजवळ बदलत नाहीत. बदलते ती फक्त दोन कर्णांमधील वाटणी. एका कोपऱ्याची बैठक उचलली, तर त्या चाकावरील व त्याच्या कर्णस्थ चाकावरील भार वाढतो आणि उरलेल्या दोन चाकांवरील भार कमी होतो. म्हणून कोणतेही एक चाक स्वतंत्रपणे जुळविता येत नाही.

उदा., चालकासह १,००० किग्रॅ. वजनाच्या, उजवीकडे सुकाणू असलेल्या एका गाडीत पुढील उजव्या चाकावर २८५, पुढील डाव्यावर २५५, मागील उजव्यावर २२५ व मागील डाव्यावर २३५ किग्रॅ. भार आहे असे मानू. पुढील उजवे व मागील डावे यांच्या कर्णावर ५२० किग्रॅ., म्हणजे ५२ टक्के भार पडतो. हा कर्ण ५० टक्क्यांवर आणल्यास भार अनुक्रमे २७५, २६५, २३५ व २२५ किग्रॅ. होतात. पुढील चाकांवरील ५४० व उजव्या बाजूवरील ५१० किग्रॅ. ही बेरीज मात्र दोन्ही वेळा तीच राहते. चालकाच्या बाजूचा हा जादा भार नट फिरवून जात नाही. त्यासाठी विद्युत् घटमालेसारखी (बॅटरीसारखी) जड वस्तू डावीकडे हलवावी लागते.

असंतुलनाचे परिणाम : टायरावरील भार वाढला की पकडही वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात नव्हे. त्यामुळे एकाच आसावरील दोन टायरांवर विषम भार असल्यास त्यांची मिळून होणारी पकड घटते. वरील गाडी डावीकडे वळताना बाहेरच्या बाजूचे पुढील उजवे चाक आधीच जड असल्याने पुढची पकड लवकर संपते व गाडी हवी तेवढी वळत नाही. उजवीकडे वळताना याउलट मागची पकड आधी सुटून मागील भाग बाहेर फेकला जाण्याकडे कल होतो. जोराने ब्रेक लावल्यास हलके असलेले पुढील डावे चाक प्रथम अडकून घसरते व गाडी उजवीकडे ओढली जाते. एकाच गाडीचे दोन दिशांना असे भिन्न वर्तन अतिवेगात धोक्याचे ठरते.

सांगाड्याची उंची : वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या सम प्रमाणात व डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. वरील गाडीचा गुरुत्वमध्य ०.५ मी. उंचीवर व चाकांमधील अंतर १.५ मी. असल्यास गुरुत्वीय प्रवेगाइतक्या पार्श्वीय प्रवेगाला सु. ३३३ किग्रॅ. भार बाहेर सरकतो. गाडी २५ मिमी. खाली आणल्यास तो सु. ३१७ किग्रॅ. होतो. तथापि गाडी वाजवीपेक्षा खाली आणल्यास निलंबनाचे दांडे चुकीच्या कोनात जातात, चाकांचा उभा कल बिघडतो आणि स्प्रिंगेला दबण्यास जागा न उरल्याने निलंबन रबरी अडसरावर आदळते. तो आदळताच त्या चाकावरील भार एकाएकी वाढतो व केलेले संतुलन निरर्थक ठरते.

पद्धती : चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात. ते एकाच पातळीत असणे ही पहिली अट होय. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगेची ताठरता मिमी.ला ४० न्यूटन असल्यास एका काट्याच्या ५ मिमी. उंचवट्याने प्रत्येक चाकाच्या भारात सु. ५ किग्रॅ. चूक येते, ताठरता चौपट असल्यास ही चूक सु. २० किग्रॅ. होते. गाडी जितकी ताठर, तितकी काटेकोर पातळी आवश्यक असते.

टायरांतील हवेचा दाब ठरावीक ठेवतात, टाकीत शर्यतीच्या अंदाजाने इंधन भरतात व आसनावर चालकाला किंवा त्याच्या वजनाइतका भार बसवितात. गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याची (अँटी-रोल बार) एक जोडणी सोडवितात, कारण त्याला पीळ असल्यास तोही भाराची वाटणी बदलतो. प्रथम चारही कोपऱ्यांची उंची व नंतर चाकांचे कोन जुळवितात. मग गाडी दाबून व सोडून स्थिर होऊ देतात आणि भार वाचतात. दुरुस्ती करताना एका कर्णावरील दोन्ही बैठका उचलून दुसऱ्या कर्णावरील दोन्ही तितक्याच उतरवितात. त्यामुळे सरासरी उंची कायम राहते. वरील उदाहरणात चारही कोपऱ्यांचा चाकापाशी सु. २.५ मिमी. एवढा बदल पुरतो. अखेरीस आडवा दांडा पीळ न देता जोडतात व चाकांचे कोन पुन्हा तपासतात.

शर्यतींतील उपयोग : समान कर्णभार हा नियम दोन्ही बाजूंना वळणाऱ्या धावमार्गांसाठी आहे. अमेरिकेतील नॅस्कार या संस्थेच्या (स्थापना १९४८) शर्यती बहुतांशी डावीकडेच वळणाऱ्या लंबगोल मार्गांवर होतात. तेथे मागची पकड टिकावी म्हणून पुढील उजवे व मागील डावे या कर्णावर हेतुपुरस्सर अधिक भार ठेवतात आणि शर्यत चालू असताना थांब्यावर मागील खिडकीतून पाना घालून तो बदलतात.

फॉर्म्युला वनमध्ये गाडीच्या तळाखालून वेगाने जाणारी हवा तिला जमिनीकडे खेचते. म्हणून कमी उंची लाभदायक ठरते. १९८१ साली किमान ६ सेंमी. अंतराचा नियम झाला. पण ते गाडी उभी असतानाच मोजले जाई. ब्रॅबम संघाने वेगात आपोआप खाली बसणारे निलंबन वापरून हा नियम निष्प्रभ केला. १९९४ पासून तळाशी १० मिमी. जाडीची फळी लावणे सक्तीचे झाले व तिची केवळ १ मिमी. झीज क्षम्य मानली गेली. २०२३ च्या अमेरिकन ग्रां प्रीमध्ये दुसरा आलेला लुइस हॅमिल्टन व सहावा आलेला शार्ल लक्लेर हे दोघेही या फळीच्या जादा झिजेमुळे अपात्र ठरले.

सामान्य मोटारगाडीत स्प्रिंगा मऊ व बैठका अचल असल्याने या जुळणीची गरज भासत नाही. सार्वजनिक रस्त्यावर वापरावयाची गाडी खाली आणताना मात्र गतिरोधक, खड्डे व पूर्ण आसनभार यांसाठी स्प्रिंगेला दबण्यास जागा राखावी लागते.