मोबाइलचा हप्ता झेपेनासा झाला तर

मालेगाव-भिवंडीकडे मंदी आली आणि माग आठवड्यातून चारच दिवस चालू लागले, की घरखर्चात पहिली कात्री दुधाला लागते, मग मुलांच्या शिकवणीला. मोबाइलच्या खर्चाला हात लावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. शाळेत फीसाठी मुदत मागायला येणाऱ्या पालकांशी बोलताना आम्हां शिक्षकांना हे वारंवार दिसते. फी तीन महिने थकलेली असते, पण हँडसेटचा दीड हजारांचा हप्ता मात्र वेळेवर गेलेला असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळा थांबते, किराणावाला थांबतो. हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो.

हा गुंता सोडवायचा तर आधी एक गोष्ट वेगळी करून पाहावी लागते. ‘मोबाइलचा खर्च’ म्हणून आपण जे एकत्र मोजतो त्यात दोन बंधने असतात. एक सिमकार्डाच्या कंपनीशी, दुसरे हँडसेटसाठी पैसे देणाऱ्या फायनान्स कंपनीशी. पहिल्यातून सुटणे सोपे आहे, दुसऱ्यातून अवघड. पुष्कळ लोक सोप्यालाच अवघड समजतात.

पोस्टपेडचे बिल जड होत असेल तर त्याच कंपनीत प्रीपेडवर जाता येते, किंवा नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जाता येते. आखातात नोकरी करून आलेल्यांना वाटते की तिथल्यासारखा वर्षा-दोन वर्षांचा करार इथेही मोडावा लागेल आणि दंड भरावा लागेल. आपल्याकडच्या साध्या पोस्टपेडला सहसा अशी अट नसते. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. 1900 या क्रमांकावर एसएमएस करायचा : इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. उत्तरादाखल आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तेवढ्यात तो नव्या कंपनीच्या दुकानात आधारकार्डासह न्यायचा. मात्र सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले हवेत आणि आलेले बिल भरलेले हवे. कंपनी बदलल्यावर जुन्या कंपनीचे शेवटचे बिल मागाहून येते. तेही भरावे लागते, नाहीतर नव्या कंपनीतही नंबर बंद पडू शकतो. पोस्टपेड घेताना अनामत रक्कम दिली असेल तर ती परत मागायला विसरू नये. ते आपले पैसे आहेत.

सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकणे हा मार्ग मात्र नव्हे. बिल थकलेलेच राहते आणि त्याच नंबरावर बँकेचे ओटीपी, आधार आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचे निरोप येत असतात. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँकेत आणि आधारमध्ये नवा नोंदवावा.

जुलै 2024 मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून चार सिमांच्या घरात रिचार्जचा आकडा डोळ्यांत भरतो. पण दादीजानच्या साध्या फोनला रोजचा दीड जीबी डेटा कशाला? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले पॅक ठेवणे बंधनकारक केले. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. न मागता सुरू झालेल्या कॉलरट्यून वगैरेंचे पैसे जात असतील तर 155223 या मोफत क्रमांकावरून त्या सेवा बंद करता येतात. बिलाची तक्रार 198 वर करावी आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

आता हँडसेट.

आपल्या घरांत हा फोन बहुधा ‘नो कॉस्ट ईएमआय’वर आलेला असतो, आणि त्यामागे एक प्रामाणिक भावना असते : सूद द्यायचा नाही, मग बिनव्याजी हप्ता तर चालेल! पण रिझर्व्ह बँकेनेच 2013 मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी असतेच. समजा, फोन 1,500 रुपयांच्या बारा हप्त्यांत, म्हणजे 18,000 ला मिळतो आणि रोखीने घेणाऱ्याला तोच दुकानदार 17,000 ला देतो. हे जास्तीचे हजार रुपये म्हणजे सहा टक्के असे वाटते. पण आपण दरमहा मुद्दल फेडत असतो, पूर्ण सतरा हजार वर्षभर वापरत नसतो. त्यामुळे खरा दर वर्षाला अकरा टक्क्यांच्या आसपास जातो. वर प्रोसेसिंग फी वेगळी. हा हिशेब आम्ही नववीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतला, तेव्हा दोघांनी घरी जाऊन पावत्या शोधल्या. सूद टाळायचा असेल तर ‘रोखीचा भाव किती?’ हा एक प्रश्न दुकानात विचारावाच.

हप्ता चुकणार हे दिसू लागले की तारखेच्या आधी कंपनीशी बोलावे. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँक वेगळा आकार लावते आणि फायनान्स कंपनी वेगळा. दीड हजार नसलेल्या माणसावर आणखी काही शे रुपयांचा बोजा पडतो. मागावरचा पगार आठवड्याला आणि हप्ता महिन्याच्या दोन किंवा पाच तारखेला, ही विजोड जोडीच पुष्कळांना बुडवते. तारीख बदलून मिळेल का, हप्ता लहान करून मुदत वाढवता येईल का, हे लेखी विचारावे. बँकेत जाऊन आपोआप कापणे बंद करता येते, पण त्याने कर्ज बंद होत नाही. 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की उशिराबद्दल दंड घेता येतो, त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हिशेबात तसे दिसले तर जाब विचारावा.

पूर्ण सुटायचे असेल तर ‘आज कर्ज बंद करायला किती भरावे लागतील?’ याचे पत्रक कंपनीकडून मागवावे. त्याला फोरक्लोजर स्टेटमेंट म्हणतात. ती रक्कम आणि जुन्या फोनची बाजारातली किंमत शेजारी मांडावी. फरक थोडा असेल तर फोन विकून साधा घेणे शहाणपणाचे. पण कर्ज बाकी असताना परस्पर विकू नये. हप्त्यावरच्या कित्येक फोनांत कुलूप लावणारे ॲप असते. घेणारा अडकतो आणि भांडण आपल्या दारी येते. आधी कर्ज बंद, मग कुलूप काढणे, मग विक्री. मधल्या दोन-चार दिवसांची रक्कम मामू-चाचांकडून कर्जे-हसना म्हणून किंवा भिशीतून उभी करता आली तर उत्तम. एका ॲपचे कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपचे घेणे मात्र टाळावेच.

फोन दुसऱ्याच्या नावावर असेल तर गोष्ट आणखी नाजूक. खानदानात एखादा सरकारी नोकर असतो आणि सगळ्यांचे हप्ते त्याच्या कार्डावर असतात. (शिक्षकांना याचा अनुभव अंमळ जास्तच.) हप्ता आपण चुकवतो, नोंद त्याची खराब होते आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर त्याला ते कळते. लाजेपायी गप्प बसण्यापेक्षा भाऊजींना तारखेच्या आधी सांगितलेले बरे.

वसुलीच्या फोनांना घाबरून बायका फोन बंद करून ठेवतात. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही; शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना फोन करून बदनामी हे सारे रिझर्व्ह बँकेने मना केलेले आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. माहितीसाठी क्रमांक 14448. देणे मात्र त्याने माफ होत नाही.

शेवटचा हप्ता गेला की ना-हरकत पत्र मागून घ्यावे आणि मुलांच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवावे. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पाहावा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. कर्ज त्यात ‘बंद’ दिसत नसेल तर तेच ना-हरकत पत्र जोडून दुरुस्ती मागायची.