चकाकत्या तांब्याचा ताप

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. उपनगरातल्या कोणत्याही सोसायटीच्या मीटररूममध्ये जाड केबल आणि तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतात. पट्टीचा एखादा बोल्ट सैल झाला की तो जोड तापू लागतो. शेजारचे प्लास्टिक वितळले तर आगीला निमित्त मिळते. असा जोड वेळीच सापडावा म्हणून थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करतात. मात्र हाच कॅमेरा चकचकीत धातूपुढे फसतो.

कॅमेरा तापमान थेट मोजत नाही. वस्तूकडून येणारे अवरक्त किरण मोजतो. आपली त्वचा असे किरण भरपूर सोडते, आदर्श काळ्या वस्तूच्या सुमारे ९८ टक्के. म्हणून करोनाच्या काळात कपाळावर रोखलेला तापमापक कामाला आला. घासूनपुसून लख्ख केलेले तांबे मात्र जेमतेम काही टक्केच किरण सोडते. त्यावर दिसते ते बरेचसे समोरच्या भिंतीचे प्रतिबिंब! त्यामुळे तापलेली पट्टीही कॅमेऱ्याला गार वाटते.

मग धातू नेमके किती किरण सोडतो, हे कसे कळणार? नियम सोपा आहे : ज्या तरंगलांबीचे किरण वस्तू जितके शोषते, त्याच प्रमाणात ती ते सोडते. पण शंभरातले ९८-९९ किरण परत फिरत असतील, तर उरलेले एक-दोन अचूक मोजणे अवघड असते.

इथे पृष्ठलहरी मदतीला येतात. प्रिझम किंवा बारीक रेघांची जाळी वापरून अवरक्त किरण धातूला चिकटून पुढे सरकवता येतात. किरण आणि धातूतले इलेक्ट्रॉन जणू हातात हात घालून चालतात. वाटेत थोडी थोडी ऊर्जा धातूत मुरते. थेंबे थेंबे तळे साचावे तशी ही घट अंतरागणिक वाढत जाते आणि मोजण्याइतकी होते. लहर किती अंतरावर किती क्षीण झाली, यावरून धातूचे प्रकाशीय गुणधर्म काढता येतात.

१९७३ मध्ये इलायस बर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी तांब्यावर अशा लहरी सेंटीमीटरभर अंतर जातात, हे दाखवले. त्यांच्या लेझरची तरंगलांबी होती १०.६ मायक्रोमीटर. आजचे अनेक थर्मल कॅमेरेही ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातच पाहतात. ही लहर इतकी हळवी असते की पृष्ठभागावर चढलेला ऑक्साइडचा पातळ थरही तिला जाणवतो.

मीटररूममध्ये प्रिझम कोणी नेत नाही. पण धडा तोच आहे. धातूचा पृष्ठभाग बदलला की कॅमेऱ्यातला आकडाही बदलतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञ वीज बंद असताना जोडाजवळ काळ्या टेपचा तुकडा चिकटवतात आणि भार सुरू असताना त्यावरचे तापमान वाचतात. पुढच्या तपासणीच्या वेळी सोसायटीने एवढे जरूर विचारावे : ‘आकडा टेपवरचा की चकचकीत तांब्यावरचा?’ पॅनेलचे झाकण मात्र स्वतः उघडू नये.